चावीतला सेल संपला, आता?

मागच्या अंकात पावसाळ्याआधी गाडीचं काय काय बघून घ्यायचं ते लिहिलं होतं आणि त्यात शेवटी जाता जाता 'रिमोट चावीचा सेलही बदलून टाका' एवढंच एक वाक्य होतं. टायर आणि वायपर राहिले बाजूला, प्रश्न आले ते सगळे चावीचेच! बरेच सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

दादा, गाडी चालू केली की स्क्रीनवर चावीची बॅटरी कमी आहे असा मेसेज येतोय. मी चावी उघडून बघितली, आत सीआर २०३२ लिहिलेला सेल आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तो नव्हता, दुकानदार म्हणाला २०२५ घेऊन जा, सेमच असतो, बसतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणे चावी ठेवून जा. एका सेलसाठी?
(एक वाचिका, कोथरूड)

ताई, चावी ठेवून जायची काही गरज नाही, तुम्ही ती उघडलीत म्हणजे अवघड काम तुमचं झालंय. आता दुकानदाराचं. २०२५ बसतो हे खरंय पण सेमच असतो हे खरं नाही.

त्या आकड्यात सेलचं मापच लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन म्हणजे जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २०३२ हा २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड, २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिमी जाड, आणि २०१६ तर १.६ मिमीच. व्होल्टेज तिघांचंही ३ व्होल्ट. त्यामुळे चुकीचा टाकला म्हणून चावी जळणार वगैरे नाही, पण खाचेत ०.७ मिमीची मोकळी जागा राहते, आतली पत्र्याची पट्टी सेलला कशीबशी टेकते, आणि मग चावी एकदा हातातून पडली की कॉन्टॅक्ट सुटतो आणि आपण म्हणतो नवीन सेल टाकूनही चालत नाही. शिवाय जाडी कमी म्हणजे आतला मालही कमी. चांगल्या कंपनीच्या २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास असते, २०२५ ची १६० च्या आसपास. पैसे जवळपास तेवढेच जाणार आणि सेल लवकर संपणार, मग कशाला?

काही जण फट भरायला घडी घातलेली चांदी म्हणजे सिगारेटच्या पाकिटातला तो कागद घालतात. नका घालू, तो सरकला की दोन्ही बाजू जोडल्या जातात आणि सेल गेला. उलटं पण नको, २०२५ च्या जागी २०३२ दाबून बसवला की पट्टी कायमची वाकते. आणि एक भन्नाट जुगाड ऐकलंय, २०१६ चे दोन सेल एकावर एक ठेवले की बरोबर ३.२ मिमी होतात! होतात ना, पण ३ आणि ३ मिळून ६ व्होल्ट पण होतात, आणि ३ व्होल्टच्या चावीला ते द्यायचे नाहीत. (मर्सिडीजच्या काही जुन्या चाव्यांमध्ये २०२५ चे दोन सेल असतात, पण ती चावी मुळात त्यासाठीच बनवलेली आहे.)

आकड्याआधीची अक्षरंही बघा. सी म्हणजे आत लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड, आर म्हणजे गोल. एलआर ने सुरू होणारे सेल, उदाहरणार्थ खेळण्यातला एलआर ४४, ते १.५ व्होल्टचे, त्यांचा इथे संबंध नाही. एलआयआर २०३२ नावाचा चार्ज होणारा सेल ऑनलाइन दिसतो आणि लोकांना वाटतं एकदाच घेतला की झालं. तो पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो आणि क्षमता साध्या सेलच्या पाव भाग सुद्धा नसते. घेऊ नका.

ब्रँडचं म्हणाल तर ड्युरासेल, एनर्जायझर, पॅनासॉनिक, मॅक्सेल, कुठलाही घ्या, मी त्यात फार फरक करत नाही. फरक पडतो तो पॅकिंगचा. बंद पट्टीतला, एक्स्पायरी लांबची असलेला घ्या. बरणीत सुटे सेल ठेवणारे घड्याळवाले असतात, त्या बरणीत सेल एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि बसल्या बसल्या उतरतात. बंद पट्टीतला चांगला लिथियम सेल आठ-दहा वर्षं पडून राहिला तरी टिकतो, म्हणून दोन एकदम घेऊन एक घरात ठेवला तर वाया जात नाही. शंभर रुपयांच्या आत काम होतं.

माझ्या मित्राची आणि माझी गाडी एकच, मॉडेलही एकच, त्याने सांगितलेला सेल मी आणला तर तो चावीत बसतच नाही.
(एक वाचक, सांगली)

कारण गाडी एक असली तरी व्हेरियंट वेगळा. खालच्या व्हेरियंटला फ्लिप चावी (पातं आत दुमडणारी), वरच्याला बटण-स्टार्टची स्मार्ट चावी, दोघींचे सेल वेगळे असू शकतात. २०३२ सगळ्यात कॉमन असला तरी १६१६, १६२०, १६३२, मोठ्या चाव्यांमध्ये २४५० असे बरेच फिरतात. मित्राला विचारू नका, जुना सेल काढून त्याच्यावरचा आकडा वाचा नाहीतर गाडीचं मॅन्युअल बघा. जुना सेलच आधी कोणीतरी चुकीचा टाकलेला असेल अशी शंका आली तर मॅन्युअलच खरं.

नवीन सेल टाकला तरी रिमोट चालत नाही. सेल नवीन कोरा आहे, मल्टिमीटरवर चेक पण केला, ३ व्होल्ट दाखवतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर लाइट दिसत नाही म्हणजे रिमोट गेला असं युट्यूबवर सांगतात. आता नवीन चावी घ्यावी लागणार का, तिचे दर ऐकून घाम फुटला.
(एक वाचक, चिपळूण)

थांबा, घाम नंतर फुटू द्या. कॅमेऱ्याची ती युक्ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे कारण तो इन्फ्रारेड वापरतो. आपल्याकडच्या गाड्यांच्या चाव्या रेडिओवर चालतात, बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथे कॅमेऱ्यात काहीही दिसणार नाही, चावी चांगली असली तरी.

३ व्होल्ट दाखवतो म्हणजे कोरा असंही नाही. कोरा सेल नुसता मोजला तर ३.२ च्या आसपास दाखवतो. लिथियमच्या सेलचं वैशिष्ट्य असं की तो जवळजवळ संपेपर्यंत ३ च्या आसपासच रेंगाळतो आणि मग एकदम कोसळतो, त्यात मल्टिमीटर त्याच्याकडून काही कामच करून घेत नाही, बटण दाबल्यावर चावी जेवढा करंट मागते तेवढा मागितला की खरा चेहरा दिसतो. त्यामुळे २.८ च्या खाली असेल तर नक्की टाकाऊ, ३.२ असेल तर चांगला, मधलं काही आलं तर मी तरी दुसऱ्या दुकानातून दुसरा सेल आणून बघतो.

सेल चांगला असेल तर पुढचं बघा. प्लसची बाजू बरोबर आहे का? वर की खाली हे प्रत्येक चावीत वेगळं असतं, खाचेत छोटंसं + कोरलेलं असतं, आणि म्हणूनच जुना काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढायचा. सेलवर पारदर्शक स्टिकर राहिलाय का? हे हसण्यासारखं वाटेल पण राहतो. मग ती पट्टी, नखाने किंचित वर उचलली की परत नीट टेकते, किंचितच, ती मोडली तर मात्र नवीन चावीच.

अजून एक कारण आहे जे दुकानदार सांगत नाही. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप लावलेला असतो, ड्युरासेलने २०१६, २०२५ आणि २०३२ या मापांच्या सेलना तो २०२० सालापासून लावायला सुरुवात केली. कल्पना चांगलीच आहे, पण काही उपकरणांमध्ये पट्टी नेमकी त्या लेपावर टेकते आणि करंट जात नाही. अॅपलने सुद्धा एअरटॅगच्या (हरवलेली वस्तू शोधायची त्यांची छोटी चकती) सूचनांमध्ये लिहिलंय की कडू लेप असलेले सेल कॉन्टॅक्टच्या जागेनुसार चालणार नाहीत. तुमच्या घरात लहान मूल नसेल तर लेप नसलेला एक सेल टाकून बघा.

तरीही नाही? मग दुसरी चावी आणा. दोन्ही चाव्या एकाच दिवशी बंद पडल्या तर दोष चावीत नाही, गाडीत आहे. गाडीची मोठी १२ व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर सेंट्रल लॉक ऐकणार कसं? डॅशबोर्डचा दिवाही लागत नसेल तर चावीचा नाद सोडा. आणि गाडी नेहमी एकाच जागी, समजा टॉवरखाली किंवा एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्येच ऐकत नसेल तर तो तिथल्या रेडिओच्या गोंगाटाचा प्रश्न.

सेल काढल्याने चावीचं प्रोग्रॅमिंग उडतं ही भीती बऱ्याच जणांनी कळवली आहे. चावीची ओळख ज्या मेमरीत असते ती सेलशिवाय टिकते, त्यामुळे रात्रभर सेल काढून ठेवला तरी सहसा काही होत नाही. काही जुन्या गाड्यांना मात्र सेल बदलल्यावर चावी इग्निशनमध्ये फिरवून बटण दाबायची छोटीशी प्रक्रिया करावी लागते, ती मॅन्युअलमध्ये असते. या सगळ्यानंतरच चावी दुरुस्तीवाल्याकडे जा.

आम्ही दर वर्षी ताडोबाला जातो. तिथे आडबाजूला चावीचा सेल संपला तर? आमची गाडी बटण-स्टार्टची आहे, चावी लावायला जागाच नाही!
(एक काका, नागपूर)

काका, जागा आहे, लपवलेली आहे. स्मार्ट चावीच्या बाजूला किंवा मागे एक छोटा खटका असतो, तो सरकवून ओढलं की आतून लोखंडी चावी निघते. ड्रायव्हरच्या दारावर कीहोल असतं, काही गाड्यांत ते हँडलच्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं आणि मालकाला वर्षानुवर्षं माहीत नसतं. त्या चावीने दार उघडलं की बऱ्याच गाड्यांचा अलार्म बोंबलायला लागतो, घाबरू नका, गाडी चालू झाली की थांबतो. (जंगलाच्या गेटवर मात्र जरा लाज वाटेल.)

आता चालू करणं. चावीत एक चिप असते जिला सेल लागतच नाही. गाडीतल्या एका कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते, ती आपला नंबर सांगते आणि इमोबिलायझर (ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं गाडीतलं कुलूप) गाडी चालू करू देतो. साध्या आणि फ्लिप चावीत ही कॉइल इग्निशनच्या कुलपाभोवती असते, म्हणून तिथे सेल पूर्ण मेला तरी गाडी नेहमीसारखी चालू होते, फक्त दार हाताने उघडावं लागतं. बटण-स्टार्टच्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा चावी त्या स्टार्ट बटणालाच टेकवायची, ब्रेक दाबून धरायचा आणि चावीनेच बटण दाबायचं. काही गाड्यांमध्ये ही जागा कपहोल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर असते, तिथे चावीचं चित्र असतं.

माझं ऐकाल तर निघायच्या आधी घरीच चावीतला सेल काढून ठेवा आणि काकूंना शेजारी बसवून एकदा हे सगळं करून बघा. दोघांनाही यायला पाहिजे. जंगलात नेटवर्क नसताना मॅन्युअल शोधत बसण्यापेक्षा अंगणात दहा मिनिटं गेलेली बरी. आणि एक कोरा सेल गाडीत नको, उन्हात गाडीचा डॅशबोर्ड तापतो, पाकिटात ठेवा, पण मूळ पट्टीतच, सुट्या नाण्यांबरोबर नाही.

याच चिपमुळे रस्त्याच्या कडेला करून दिलेली स्वस्तातली डुप्लिकेट चावी दार उघडते पण गाडी चालू करत नाही. त्यावरून भांडून उपयोग नाही, चिपवाली चावी गाडीला ओळख करून द्यावी लागते.

चावी उघडायची कशी? मी स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला, कडेला चरे पडले, बाबा ओरडले.
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आधी लोखंडी चावी बाहेर काढ. ती निघाली की तिथेच बहुतेक स्मार्ट चाव्यांमध्ये एक खाच दिसते, उघडायची जागा ती, कडेची फट नव्हे. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दे, खाचेत घाल आणि पिळ, उचकटू नकोस. एक रुपयाचं नाणं बसलं तर ते उत्तम, त्याने चरे पडत नाहीत. फ्लिप चावीला बऱ्याचदा मागे फक्त सेलचं झाकण असतं, काहींना बारीक स्क्रू असतो, तो आधी बघ. उघडताना खाली मऊ कापड घे, कारण बटणांचा रबरी पत्रा आणि कधी पूर्ण सर्किटच टुणकन बाहेर येतं आणि कुठलं कुठे बसतं ते कळत नाही. सेल बाहेर काढायला धातूचा चिमटा नको, दोन्ही बाजू एकदम धरल्या की शॉर्ट. नवीन सेल कोरड्या कापडाने पुसून कडेने धर, बोटाचा घाम आणि तेल कॉन्टॅक्टला लागत नाही. बंद करताना कडेचं रबर नीट बसव, पावसाळ्यात तेवढंच पाणी अडवतं. आणि बाबांना सांग, चरे सर्व्हिस सेंटरलाही पडतात.

माझी गाडी जुनी आहे, सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं. रिमोटमधला सेल नाण्यासारखा नाही, बारीक पेन्सिल सेलचं पिल्लू असावं तसा आहे.
(एक वाचक, नाशिक)

तो १२ व्होल्टचा आहे. आत १.५ व्होल्टच्या आठ छोट्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. दोन मापं मिळतात, २३ए जरा जाड आणि २७ए त्याहून बारीक, लांबी जवळपास तीच, म्हणून जुना बरोबर न्या. वायरलेस डोअरबेलमध्ये २३ए असतो, त्यामुळे इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. हा अल्कलाइन असतो, संपल्यावर तसाच ठेवला तर गळतो आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर काढून ठेवा.

दर तीन-चार महिन्यांनी सेल संपतो, चांगल्या कंपनीचा टाकूनही. बटण-स्टार्टची गाडी आहे. हवा दमट म्हणून असेल का?
(एक वाचक, मडगाव)

हवेचा हात असू शकतो, पण मी आधी विचारीन की चावी कुठे टांगता. एरवी असा सेल दोन-तीन वर्षं जायला हवा. स्मार्ट चावी नुसती झोपलेली नसते, गाडीच्या जवळ असली की गाडीच्या हाकेला उत्तर देत बसते. गाडी पोर्चमध्ये आणि चावी त्याच भिंतीच्या आतल्या खिळ्यावर, असं असेल तर सेल रात्रंदिवस राबतोय. चावी आतल्या खोलीत न्या. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वायरलेस चार्जर यांच्या शेजारीही नको, त्यांच्या लहरींनी काही चाव्या उगाच जाग्या होतात. दुसरं कारण खिशातलं, जुन्या चावीचं रबर घट्ट होतं आणि बटण अर्धवट दाबलेलंच राहतं. चावीवर लाल दिवा असेल तर तो आपोआप लुकलुकतोय का बघा.

टोयोटाच्या काही स्मार्ट चाव्यांमध्ये बचतीची सोय आहे, लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावी झोपते. जास्तीची चावी कपाटात पडून असते तिला हे चांगलं.

दमट हवेचं म्हणाल तर झाकण उघडून सर्किटवर हिरवट डाग आहेत का बघा. असतील तर सेल काढून मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पूर्ण वाळू द्या. हे सगळं करूनही संपत असेल तर सर्किटमध्येच गळती आहे, चावीवाल्याला दाखवा.

जुना सेल मी टेबलावर ठेवला होता, नात दोन वर्षांची आहे, तिने तोंडात घालायच्या आत हातातून काढला. संपलेल्या सेलने काही होतं का?
(एक आजी, डोंबिवली)

होतं, आणि फार वाईट होतं. आजी, २० मिमीचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. ओल्या जागी दोन टोकांमधून करंट वाहायला लागतो, मायनसच्या बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गाडीची चावी चालवायला पुरत नाही एवढा उतरलेला सेल सुद्धा याला पुरतो. सुरुवातीला मूल नुसतं लाळ गाळतं, जेवत नाही, खोकतं, म्हणजे सर्दीसारखंच.

गिळल्याची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या हॉस्पिटलात जा जिथे एक्स-रे आणि एंडोस्कोपी दोन्ही होते. उलटी करायला लावू नका, खायला-प्यायला देऊ नका. अपवाद फक्त मधाचा. अमेरिकेच्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या सूचनेनुसार मूल १२ महिन्यांच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि घटना १२ तासांच्या आतली असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर मध द्यायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने इजा थोडी मंदावते एवढंच, त्यासाठी घरात मधाची बाटली शोधत थांबायचं नाही. नाकात किंवा कानात घातला तरी तितकीच घाई.

संपलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा आणि उंचावर ठेवा. मग तो घरच्या कचऱ्यात नको, ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत हे छोटे सेल सुद्धा येतात.

चावी पँटच्या खिशात राहिली आणि वॉशिंग मशीनमधून निघाली. तांदळात ठेवली आहे.
(एक वाचक, ठाणे)

तांदळातून काढा, त्याने काही होत नाही, पीठ मात्र आत जातं. सेल आधी बाहेर, त्याच मिनिटाला, कारण पाण्यापेक्षा पाणी आणि करंट एकत्र आले की सर्किट कुजतं. साबणाचं पाणी आत राहिलेलं असतं म्हणून सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पंख्याखाली उघडंच दोन दिवस ठेवा, हेअर ड्रायर नको. मग नवीन सेल, जुना नाही. दार उघडलं नाही तरी चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा इग्निशनमध्ये लावून बघा, ती चिप बऱ्याचदा वाचलेली असते. गाडी चालू झाली तर दुसरी चावी रोज वापरा आणि ही जपून ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये नवीन चावीची ओळख करून द्यायला जुनी चालू चावी हातात असली की खर्च कमी येतो.